सोलापुरात बसून बेटांवरचे पक्षी वाचवता येतात का? आधी फोनमधलं लोकेशन समजून घ्या

रात्री साडेनऊला सात रस्त्याच्या चौकात चहा पिताना मी फोनवर पेंग्विन मोजत होतो. खरंच मोजत होतो. एका फोटोत बेचाळीस झाले होते. शेजारी बसलेल्या मित्राने स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "काय बे, इथं नळाला चार-चार दिवस पाणी नाही आणि तू समुद्रातले पक्षी मोजायलास?"

त्याचा प्रश्न रास्त आहे. सोलापूरला समुद्र नाही. वेंगुर्ल्याला जायचं तर चारशे किलोमीटरच्या आसपास गाडी हाणावी लागते. मग समुद्रातल्या बेटांवरच्या पक्ष्यांसाठी आपण इथून काय करणार?

उत्तर असं आहे की बरंच काही करता येतं, आणि त्यासाठी लागणारं यंत्र तुमच्या खिशात आहे. पण त्याच यंत्राने नुकसानही करता येतं, आणि ते मी स्वतः केलेलं आहे. म्हणून सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

मी काय माती खाल्ली

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही चार मित्र कोकणात गेलो होतो. निवतीच्या बाजूने बोटीने समुद्रात गेलो. लांबवर काळे खडक दिसतात, त्यावर दीपगृह आहे. तेच वेंगुर्ला रॉक्स. एका खडकाच्या कपारीतून छोटे काळसर पक्षी सुसाट आत-बाहेर करत होते. मी झूम करून फोटो काढले. बोटवाले काका म्हणाले, "फोटो काढा, पण खंयच्या गुहेत ता कोणाक सांगू नकात."

मी हो म्हणालो. किनाऱ्यावर नेटवर्क आलं आणि सवयीप्रमाणे स्टोरी टाकली. वर लोकेशनचा स्टिकर, कॅप्शनमध्ये खडकाची नेमकी बाजू, आणि मागच्या फोटोत बोटीचं नावसुद्धा स्पष्ट. रात्री एका अनोळखी अकाउंटवरून मेसेज आला: "आत उतरता येतं का? बोट कोणाची?"

तो माणूस साधा पर्यटकही असू शकतो. पण तो वाचून माझ्या पोटात गोळा आला. स्टोरी डिलीट केली. तोवर तीनशेच्या वर लोकांनी ती पाहिली होती. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर लोकांचा डेटा सुरक्षित ठेवायचा पगार घेतो, आणि इथे एका पक्ष्याचा पत्ता फुकटात वाटून आलो होतो.

त्या पत्त्याची किंमत काय, हे मला सोलापूरला परत आल्यावर वाचताना कळलं.

वेंगुर्ला रॉक्सवर नेमकं आहे काय?

सिंधुदुर्ग किनाऱ्यापासून आत समुद्रात असलेला हा लहान-मोठ्या खडकाळ बेटांचा समूह. पक्षीअभ्यासकांना तो दीडशे वर्षांपासून माहीत आहे. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला इतिहासात भेटणारे ए. ओ. ह्यूम हे मोठे पक्षीअभ्यासकही होते. १८७५ मधल्या आपल्या पश्चिम किनारा प्रवासात त्यांनी या खडकांची नोंद केली. पुढे १९४२ मध्ये हुमायून अब्दुलअली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या पक्ष्यांवर लेख लिहिला.

त्या लेखाचा विषय होता दोन प्रकारचे पक्षी:

- सुरय. सडपातळ, टोकदार पंखांचे समुद्रपक्षी. हे उघड्या खडकावर, जवळजवळ घरटं न बांधताच अंडी घालतात.
- पाकोळी. ही खरं तर समुद्रपक्षी नाही, हवेतले किडे खाणारा पक्षी आहे. पण इथली भारतीय पाकोळी समुद्रातल्या खडकांच्या अंधाऱ्या गुहांमध्ये घरटी करते. अंधारात वाट शोधायला ती तोंडाने टिक-टिक आवाज काढते आणि प्रतिध्वनीवरून अंतर ओळखते. गाडीच्या पार्किंग सेन्सरचं तत्त्व तेच.

पाकोळीचं घरटं तिच्या लाळेने बनतं. लाळ वाळून घट्ट होते आणि घरटं भिंतीला चिकटून राहतं. हीच तिची अडचण. चीन आणि आग्नेय आशियात अशा घरट्यांचं सूप हा महागडा पदार्थ आहे. म्हणजे गुहेच्या भिंतीवर चिकटलेली ती वाटी कोणासाठी तरी पैसा असते. घरटं खरवडून काढलं की त्यातली अंडी किंवा पिल्लंही गेली.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००१ च्या सुमारास या खडकांवर सर्वेक्षण सुरू केलं, तेव्हा घरट्यांची चोरी होत असल्याचं समोर आलं. वेळासच्या कासव महोत्सवामुळे तुम्ही ज्यांचं नाव ऐकलं असेल, तीच ही संस्था. त्यांनी वनविभागाला सोबत घेऊन ती चोरी थांबवायचं काम केलं. पुढे २००२ मध्ये या पाकोळीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत जागा मिळाली.

आता माझी स्टोरी पुन्हा आठवा. कोणती बाजू, कोणती कपार, कोणती बोट. चोराला जे शोधायला दिवस घालवावे लागतात, ते मी पंधरा सेकंदांत दिलं होतं.

बेटावरचे पक्षी एवढे नाजूक का?

बेटावर मांजर नाही, कुत्रं नाही, मुंगूस नाही. म्हणून पक्षी तिथे बिनधास्त जमिनीवर अंडी घालतात. हजारो वर्षं हे गणित जमलं. पण त्यामुळे त्यांच्याकडे बचावाची दुसरी तयारीच नाही. एक नवा शत्रू आला की सगळी वसाहत धोक्यात.

याचं जगातलं मोठं उदाहरण म्हणजे अंटार्क्टिकाजवळचं साउथ जॉर्जिया बेट. सील आणि देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांतून तिथे उंदीर पोहोचले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करत सुटले. शेवटी हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकून, नंतर वास घेणाऱ्या कुत्र्यांकडून बेट तपासून, २०१८ मध्ये ते उंदीरमुक्त जाहीर करावं लागलं.

आणि हे फक्त समुद्रातलं प्रकरण नाही. आपल्या जिल्ह्यातही बेटं आहेत. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की यशवंतसागर जलाशयात जमिनीचे तुकडे उघडे पडतात. तिथे नदी सुरय अंडी घालतो. समुद्रातल्या सुरयाचाच हा भाऊबंद. जगभरात संख्या घटल्यामुळे २०२० मध्ये नदी सुरयाला 'असुरक्षित' या वर्गात टाकण्यात आलं.

एप्रिल-मेमधलं आपलं ऊन तुम्हाला सांगायला नको. सुरय अंड्यावर बसतो तो ऊब द्यायला कमी आणि सावली द्यायला जास्त. तुम्ही फोटोसाठी जवळ गेलात, किंवा वरून ड्रोन फिरवला, की पक्षी उडतो. अंडी उघडी. थोड्याच वेळात ती उन्हाने खराब होऊ शकतात, नाहीतर कावळे आणि घारी टपलेले असतातच. अंडी खड्यांसारखी दिसतात, त्यामुळे पायाखाली गेली तरी कळत नाही.

म्हणजे चोर यायचीही गरज नाही. "मस्त स्पॉट आहे, हे घे लोकेशन" एवढं वाक्य पन्नास लोकांपर्यंत गेलं की काम होतं.

फोनला जागा कळते कशी?

जमिनीपासून सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो: मी इथे आहे आणि आत्ता ही वेळ आहे. तुमचा फोन किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकतो, ते पोहोचायला लागलेल्या वेळेतून अंतरं काढतो आणि स्वतःची जागा ठरवतो. यात फोन फक्त ऐकतो. त्यामुळे जीपीएसला इंटरनेट लागत नाही. भर समुद्रात, नेटवर्क शून्य असतानाही तुमच्या फोटोत जागा नोंदली जाते. बरेच जण इथेच फसतात.

उघड्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची अचूकता साधारण ५ मीटर असते. सात रस्त्याच्या चौकात ५ मीटरची चूक म्हणजे चहाच्या टपरीऐवजी शेजारचं दुकान. निर्जन खडकावर ५ मीटर म्हणजे थेट घरटं.

ही जागा अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत साठवली जाते. सोलापूर शहर साधारण १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्व. दशांश चिन्हानंतर किती आकडे आहेत, त्यावर अचूकता ठरते:

- १ आकडा: सुमारे ११ किलोमीटर
- २ आकडे: सुमारे १.१ किलोमीटर
- ३ आकडे: सुमारे ११० मीटर
- ४ आकडे: सुमारे ११ मीटर
- ५ आकडे: सुमारे १ मीटर

दोन आकडे सांगितले तर "सोलापुरात अमुक भागात" एवढंच कळतं. पाच सांगितले तर "या दगडाशेजारी". पक्षी वाचवायला बहुतेक वेळा पहिलं पुरतं. दुसरं फक्त संशोधकाला हवं असतं, आणि चोरालाही.

ही माहिती बाहेर कुठून जाते?

फोटोच्या फाइलमध्ये चित्राशिवाय मेटाडेटा असतो. त्याला एक्झिफ म्हणतात. कॅमेरा कोणता, वेळ काय, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. फोटो कसा पाठवता त्यावर तो टिकतो की जातो ते ठरतं:

- व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर लोकेशन साधारणपणे निघून जातं. पण क्वालिटी टिकावी म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, लोकेशनसकट.
- ईमेल किंवा ड्राइव्हवरून मूळ फाइल दिली तरी लोकेशन सोबत जातं.
- इन्स्टाग्रामवर बघणाऱ्याला मूळ मेटाडेटा दिसत नाही. पण लोकेशनचा स्टिकर, कॅप्शन आणि बोटीचं नाव आपणच टाकतो. माझी चूक नेमकी हीच. सेटिंग ठीक होतं, माणूस चुकला.

आता हे करा, पाच मिनिटं लागतात

1. अँड्रॉइड: कॅमेरा ॲप उघडा, सेटिंग्जमध्ये जा, 'लोकेशन टॅग' किंवा 'सेव्ह लोकेशन' बंद करा. कंपनीनुसार नाव थोडं वेगळं असतं.
2. आयफोन: सेटिंग्ज, प्रायव्हसी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा, 'नेव्हर'. कायमचं बंद नको असेल तर फोटो शेअर करताना वर 'ऑप्शन्स' दिसतं, तिथे लोकेशन बंद करा.
3. जुने फोटो: गॅलरीत फोटो उघडून वर सरकवा. खाली नकाशा दिसला तर त्यात लोकेशन आहे. बऱ्याच गॅलरी ॲपमध्ये ते तिथूनच काढता येतं.
4. पोस्ट टाकण्याआधी: घरटं, अंडी किंवा पिल्लं असलेला फोटो असेल तर जागा फक्त जिल्ह्यापर्यंत लिहा. 'सिंधुदुर्ग किनारा' पुरेसं आहे. आणि घरी आल्यावर टाका, तिथे उभं राहून नको.
5. फॉरवर्ड आलं तर: ग्रुपवर कोणी घरट्याचं नेमकं लोकेशन टाकलं तर त्याला खाजगीत सांगा. सगळ्यांसमोर झापलं की माणूस ऐकत नाही, हा स्वानुभव.

मग नोंदच करायची नाही का?

करायचीच. ही दुसरी बाजू पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. ज्या पक्ष्याची नोंद नाही, तो कमी झाला हेही कोणाला कळत नाही. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायची गरज नाही. नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आमच्या आजोबांच्या पिढीने माळरानावर माळढोक पाहिलेला आहे. आता तो तिथे क्वचितच दिसतो. मोजणी होती म्हणून किमान आपल्याला काय गमावलं ते तरी माहीत आहे.

नोंदीसाठी दोन ॲप मी वापरतो.

ईबर्ड. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेला उपक्रम. मोफत आहे आणि नेट नसतानाही चालतो. तुम्ही चालायला सुरुवात करताना 'चेकलिस्ट' चालू करता, दिसलेला प्रत्येक पक्षी आणि त्याची संख्या टाकता, शेवटी बंद करून पाठवता. ॲप वेळ आणि अंतर आपोआप मोजतं.

शेवटी ॲप एक प्रश्न विचारतं: ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. समजा तुम्ही फक्त 'भारी' पक्षी नोंदवले. मग यादीत सुरय नाही याचा अर्थ तो तिथे नव्हता, की तुम्ही लिहिला नाही? कळायला मार्ग नाही. पण सगळे लिहिले असतील, अगदी कावळा-चिमणीसकट, तर 'नाही' हीसुद्धा माहिती होते. अशा हजारो याद्या जोडल्या की कोणता पक्षी किती टक्के याद्यांत दिसतो ते काढता येतं. हा टक्का वर्षागणिक घसरला, म्हणजे धोक्याची घंटा.

चुकीच्या नोंदी अडवायला दोन चाळण्या असतात. पहिली आपोआप चालते: त्या भागात, त्या महिन्यात, एवढ्या संख्येने तो पक्षी अपेक्षित आहे का? तुम्ही सात रस्त्यावर पेंग्विन टाकलात तर लगेच लाल झेंडा. दुसरी चाळणी म्हणजे त्या भागातला जाणकार स्वयंसेवक. तो तुम्हाला फोटो किंवा वर्णन विचारतो. मला असा मेल आला तेव्हा राग आला होता. नंतर फोटो पुन्हा बघितला, तर माझीच ओळख चुकली होती.

अशाच नोंदींवर 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशाचा अहवाल उभा आहे. २०२३ च्या अहवालात सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींच्या आसपास नोंदी वापरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला आणि १७८ जाती संवर्धनासाठी सर्वाधिक प्राधान्याच्या ठरल्या. त्या ३० हजारांत व्यावसायिक शास्त्रज्ञ थोडेच. बाकी तुमच्या-आमच्यासारखे.

ईबर्डवर एक पथ्य: मुद्दाम चुकीची जागा टाकू नका, त्याने अभ्यास बिघडतो. त्याऐवजी आधीपासून असलेला 'हॉटस्पॉट' निवडा, घरट्याबद्दल शेऱ्यात काही लिहू नका, आणि फारच नाजूक प्रकरण असेल तर ती चेकलिस्ट सार्वजनिक पानांवरून लपवायची सोय वापरा.

आयनॅचरलिस्ट. इथे पक्षीच नाही, कोणताही जीव फोटोसह नोंदवता येतो. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे लोकेशन धूसर करायची पद्धत. नोंद करताना जागा 'खुली', 'धूसर' की 'खाजगी' हे निवडता येतं. 'धूसर' निवडलं की पृथ्वीच्या नकाशावर ०.२ अंश बाय ०.२ अंश असा चौकोन घेतला जातो आणि त्यात कुठेतरी भलतीकडेच बिंदू दाखवला जातो. आपल्याकडे हा चौकोन साधारण २१-२२ किलोमीटर बाजूचा होतो. म्हणजे अख्खं सोलापूर शहर आत मावेल. खरी जागा डेटाबेसमध्ये सुरक्षित राहते, आणि ती तुम्ही विश्वासाने ज्याला द्याल त्यालाच दिसते. धोक्यातल्या बऱ्याच जातींसाठी ॲप हे आपोआप करतं.

इंजिनिअर म्हणून मला यात एक साधा धडा दिसतो. माहिती गोळा करणं आणि माहिती दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अचूक हवी, दुसरी गरजेपुरती.

घरबसल्या मोजणी: पेंग्विन आणि सील

आता त्या चहाच्या टपरीवरच्या पेंग्विनकडे येऊ.

अंटार्क्टिकाच्या वसाहतींवर शास्त्रज्ञांनी कॅमेरे लावून ठेवलेत. ते वर्षभर ठराविक वेळाने फोटो काढतात. फोटो लाखोंनी जमतात, मोजणारे मोजकेच. म्हणून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये झूनिव्हर्स या वेबसाइटवर 'पेंग्विन वॉच' सुरू केलं. तिथे फोटो येतो, तुम्ही मोठ्या पेंग्विनवर, पिल्लावर, अंड्यावर एकेक टिंब ठेवत जाता. उत्तर अटलांटिकमधल्या कड्यांवरच्या समुद्रपक्ष्यांसाठी 'सीबर्ड वॉच' हा त्याचाच भाऊ.

"माझं चुकलं तर?" चुकू द्या. एकच फोटो अनेकांना दाखवला जातो. सगळ्यांची टिंबं एकावर एक ठेवली की जिथे दाट झुबका होतो तिथे पेंग्विन आहे असं धरलं जातं. कोणी एकट्याने दगडावर टिंब ठेवलं तर ते आपोआप बाजूला पडतं.

सीलची गोष्ट याहून भन्नाट आहे. भारताच्या किनाऱ्यावर सील राहत नाहीत, पण त्यांच्या मोजणीत भारतात बसून भाग घेता येईल अशी ही पद्धत. अंटार्क्टिकातले वेडेल सील बर्फावर पहुडलेले असतात आणि उपग्रहाच्या चित्रात ते काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. अख्ख्या खंडाच्या किनाऱ्याची चित्रं तीन लाखांहून अधिक स्वयंसेवकांनी इंटरनेटवर तपासली. बहुतेक चित्रांत सील नव्हतेच, आणि ती रिकामी चित्रं बाजूला काढणं हेच मोठं काम होतं. त्यातून २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला: वेडेल सीलच्या सुमारे २ लाख २ हजार माद्या. अशा प्रकारे पूर्ण खंडावर उपग्रहातून झालेली ही त्यांची पहिली मोजणी. आकडा हातात असला की पुढच्या वेळी 'घटले' किंवा 'वाढले' असं म्हणता येतं. त्याशिवाय फक्त अंदाज.

हे एआय का करत नाही?

करायला लागलंय. पण एआयला शिकवायला आधी माणसांनी खुणा केलेली चित्रं लागतात. बर्फ, सावली, विष्ठेचे डाग, एकमेकांना चिकटून बसलेली पिल्लं, यात मशीन गोंधळतं. तुमची टिंबं म्हणजे त्याचं पाठ्यपुस्तक.

मोबाइलवर आवाजावरून पक्षी ओळखणारं 'मर्लिन' ॲपही एआयच वापरतं. जरूर वापरा. पण मर्लिनने नाव सांगितलं म्हणून लगेच नोंद करू नका; पक्षी डोळ्यांनी बघा, खात्री करा. आणि पक्षी जवळ यावा म्हणून घरट्याजवळ त्याचा आवाज फोनवर वाजवू नका. त्याला वाटतं दुसरा पक्षी जागा बळकवायला आलाय.

पैसे द्यायचे असतील किंवा पक्षी सापडला तर

दान देताना संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरचाच क्यूआर वापरा, फॉरवर्ड आलेला नको. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर खातेदाराचं नाव दिसतं, ते संस्थेचंच आहे का बघा. देणगीवरची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि त्यासाठी संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या.

थकलेला किंवा जखमी पक्षी सापडला तर महाराष्ट्र वनविभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६. घरट्यांची चोरी किंवा शिकार दिसली तरी हाच. अशा वेळी नेमकं लोकेशन द्यायचं, पण ते ग्रुपवर नाही, वनविभागाला.

शेवटचं

मित्राला मी हे सगळं सांगितलं तेव्हा दुसरा चहा आला होता. त्याने फोन घेतला, दोन फोटोंतले पेंग्विन मोजले, तिसऱ्यात दगडाला पेंग्विन म्हणाला. चालतंय, झुबक्यात बसेल.

मग त्याने स्वतःची गॅलरी उघडली. मागच्या मे महिन्यात उजनीला गेला होता. वाळूवरच्या तीन ठिपकेदार अंड्यांचा फोटो, अगदी जवळून काढलेला. वर सरकवलं, तर खाली नकाशा आणि नकाशावर लाल टाचणी. तो फोटो त्याने कॉलेजच्या ग्रुपवर टाकला होता, क्वालिटी जाऊ नये म्हणून डॉक्युमेंट करून.

"डिलीट फॉर एव्हरीवन आता होतं का बे?"

होत नव्हतं, मुदत कधीच संपली होती. त्याने तिथेच बसून कॅमेऱ्याचं लोकेशन बंद केलं. तुम्हीही हे पान बंद करायच्या आधी तुमची गॅलरी उघडा, शेवटच्या सहलीतला एक फोटो वर सरकवा आणि खाली नकाशा दिसतो का ते बघा.